‘मायसेल्फ सुरेश’ आणि इंग्रजीची हट्टी सर्वनामं

मराठी माध्यमातून आलेला मुलगा मुलाखतीला बसतो आणि पहिलंच वाक्य म्हणतो, ‘मायसेल्फ सुरेश’. समोरचे गालात हसतात. मला ते हसणं कधीच आवडलेलं नाही, कारण चूक नेमकी कुठे झाली हे त्या मुलाला कुणीच सांगत नाही.

शाळेत आपण सर्वनामांचे सहा प्रकार घोकलेले असतात: पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, सामान्य आणि आत्मवाचक. इंग्रजीतही साधारण हेच गट आहेत. पण नुसती नावं पाठ करून भागत नाही, प्रत्येक गटाचं काम कळावं लागतं. ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’ ही झाली आत्मवाचक. कर्त्याची क्रिया कर्त्याकडेच वळली की ती येतात. ‘ही सॉ हिमसेल्फ इन द मिरर’ म्हणजे त्याने आरशात स्वतःला पाहिलं. तिथे नुसतं ‘हिम’ घातलं, तर पाहणारा एक आणि दिसलेला दुसराच होतो. कधी ती जोर देण्यासाठीही येतात, ‘आय मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः’. पण आधी ‘आय’ हवाच. ‘मायसेल्फ सुरेश’मध्ये ना क्रिया आहे, ना ‘आय’. म्हणून ‘आय ॲम सुरेश’.

आपल्या ‘आपण’ला एवढी बंधनं नाहीत. ‘सुमनला वाटतं, आपण हुशार आहोत’ या वाक्यातला ‘आपण’ पोटवाक्यातून बाहेर येऊन थेट सुमनला धरतो. इंग्रजीत इथे ‘हरसेल्फ’ चालत नाही, ‘शी’ घ्यावं लागतं, आणि मग ही ‘शी’ म्हणजे सुमन की तिची जाऊ, हे संदर्भावर सोडावं लागतं. तसंच ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून घरी सोडलं’ म्हटलं की गाडी रमेशची. ‘त्याच्या गाडीतून’ म्हटलं की बहुधा सुरेशची. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज कार’. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघूया’ यांतला फरकही ‘वुई’ला दाखवता येत नाही. ऐकणारा सोबत येणार की मागे राहणार, हे मराठीत सर्वनामच सांगून टाकतं. इंग्रजी शिकवताना मराठीच्या या श्रीमंतीची जाणीव मुलांना द्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

संबंधी सर्वनामांत आपली गडबड होते ती ‘जो–तो’च्या जोडीमुळे. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ.’ मराठीत दोन्ही टोकं बांधल्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही. इंग्रजी एकट्या ‘हू’वर काम भागवते. त्यामुळे ‘द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर’ यातला ‘ही’ आपल्या ‘तो’ची सावली असतो. तो काढला की वाक्य ठीक. दर्शक ‘दिस–दॅट’ आणि प्रश्नार्थक ‘हू–व्हॉट’ फारसा त्रास देत नाहीत.

आता कर्माच्या जागी ‘आय’चं ‘मी’ (me) होतं, ‘ही’चं ‘हिम’, ‘वुई’चं ‘अस’. एवढी रूपं कशाला? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते. ते हळूहळू झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दांच्या क्रमावरून ठरू लागलं. सर्वनामांनी मात्र जुनी रूपं सोडली नाहीत. तोंडात सतत असलेले शब्द सहजासहजी बदलत नाहीत. म्हणून तर इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’ आणि आपला ‘मी’ हे एकाच आदिम मुळाचे वंशज आहेत.

आपल्या ‘तू’चाही इंग्रजीत एक भाऊबंद होता, ‘दाउ’. ‘यू’ तेव्हा अनेकवचनी होता. मग आपण एका माणसाला मानाने ‘तुम्ही’ म्हणतो तसं तिथेही तेराव्या शतकापासून वरच्या दर्जाच्या एकट्या माणसाला अनेकवचन लावू लागले. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक समतेच्या आग्रहापोटी लहानथोर सगळ्यांना ‘दाउ’ म्हणजे ‘तू’ म्हणत, आणि प्रतिष्ठित मंडळींना त्याचा फार राग येई. पण बाकीच्या समाजात ‘यू’ पसरत गेला आणि काही बोलीभाषा सोडल्या तर ‘दाउ’ लोपला. एकट्या माणसालाही ‘यू आर’ का म्हणायचं, ‘यू इज’ का नाही, याचं उत्तर इथे आहे. ते आपलं ‘तुम्ही आहात’च आहे. जुन्या प्रार्थनांत देवाला ‘दाउ’ म्हटलेलं वाचून तो आदरार्थी शब्द असावा असं अनेकांना वाटतं. तो ‘तू’च. आपण विठोबाला कुठे ‘अहो’ म्हणतो?

‘दे’ची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. भाषा दुसऱ्या भाषेतून वस्तूंची नावं सर्रास उचलतात, सर्वनामं क्वचितच. इंग्रजीने तेही केलं. 793 साली स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे त्यांच्यातले अनेकजण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले. जुन्या इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ (अनेकवचनी) यांची रूपं उच्चाराने जवळजवळ येऊन पडली होती. बोलताना घोटाळा होई. शेजाऱ्यांच्या नॉर्स भाषेतलं रूप सोयीचं पडलं आणि ‘दे, देअर, देम’ ही तिन्ही आली, पण एकदम नाही. चौदाव्या शतकातला लंडनचा कवी चॉसर ‘दे’ लिहितो, पण ‘देम’च्या जागी अजून जुनंच ‘हेम’ वापरतो.

साधारण त्याच शतकापासून ‘दे’ एकट्या माणसासाठीही वापरला जातो. दाराशी विसरलेली छत्री दिसली की इंग्रज म्हणतो, ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’. बाई की पुरुष, ठाऊक नाही, म्हणून ‘देअर’. आज ज्यांना ‘ही’ किंवा ‘शी’ दोन्ही नको असतात, ते लोक हाच शब्द स्वतःसाठी निवडतात. 2019 साली मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं.

आणि ते ‘हेम’? इंग्रजी सिनेमात कुणी घाईत ‘गेट एम’ म्हणतं, तेव्हा त्याने ‘देम’चा ‘द’ गिळला असं आपल्याला वाटतं. त्याने काहीच गिळलेलं नसतं. तो ‘एम’ म्हणजे व्हायकिंग येण्याआधीचा, फक्त ‘ह’ गमावलेला, जुना ‘हेम’ आहे.