मराठी गीत ‘आजचे’ कसे होत गेले : शब्द, चाल आणि ऐकण्याची साधने

गीत लिहिणाऱ्या नव्या माणसाला संगीतकाराकडून किंवा निर्मात्याकडून हमखास मिळणारी सूचना म्हणजे ‘जरा आजचे वाटेल असे लिहा’. या सूचनेचा अर्थ बहुतेक वेळा चार इंग्रजी शब्द, मोबाइलचा एखादा उल्लेख आणि आखूड ओळी असा लावला जातो. गेल्या सुमारे १४० वर्षांत मराठी गीत अनेकदा ‘आजचे’ झाले आहे, आणि त्यातला प्रत्येक बदल तपासला तर विषयाच्या किंवा शब्दसंग्रहाच्या नवेपणाला तिथे दुय्यम जागा असल्याचे दिसते. गाणे कुठे ऐकले जाते, चाल आधी येते की शब्द आणि कोणाच्या तोंडची मराठी गीतात शिरते, या बाबींनी ते बदल घडवून आणले. त्यांतही बोलण्याची लय चालीत कशी बसवली जाते, हा भाग सर्वांत निर्णायक ठरला असे मला वाटते.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदांच्या चाली प्रेक्षकांच्या कानांवर आधीपासून असलेल्या साकी, दिंडी, कामदा, लावणी यांसारख्या वळणांच्या होत्या. माहितीच्या चालीवर नवे शब्द बेतायचे ही त्या काळातील रीतच होती, म्हणून जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ यांची नोंद आढळते. आज चित्रपटक्षेत्रात ‘मीटरवर लिहिणे’ म्हणतात, म्हणजे संगीतकाराने निरर्थक ‘डमी’ बोलांवर गुणगुणून दिलेल्या चालीत शब्द बसवायचे. अनेकांना हा अलीकडचा व्यापारी प्रकार वाटतो, पण त्याचे मूळ इतके मागे जाते. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी रागसंगीताच्या वळणाच्या चाली दिल्या आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यांवर पदे रचली. तो आवाज त्या पिढीला अत्यंत नवा वाटला, मात्र त्या नव्या आवाजाची किंमत शब्दांनी मोजली, कारण तानेला आणि आलापाला सोयीची अक्षरे शोधताना वाक्यरचना तुटली आणि पदे क्लिष्ट झाली. संगीत समकालीन आणि भाषा मागासलेली अशी विषम जोडी मराठी गीतात पुढेही वारंवार दिसते.

त्यानंतरचा बदल दोन दिशांनी आला. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी आपल्या कविता सभांतून चालीवर म्हणत आणि या काव्यगायनामुळे छापील कविता कानांनी ऐकण्याची सवय सुशिक्षित मराठी श्रोत्यांना लागली. दुसरीकडे ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचत होती, आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त काही मावत नव्हते. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत अर्धा तास रंगणारे पद या मर्यादेत मावणे शक्यच नव्हते. ध्रुवपद आणि तीन-चार कडवी एवढाच ऐवज असलेली, एकच भाव धरून ठेवणारी रचना मात्र त्यात नेमकी बसत होती. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात मुद्रित झाली आणि भावगीत नावाचा प्रकार रुजला. पुढे गजानन वाटवे यांनी तो गावोगावच्या कार्यक्रमांतून लोकप्रिय केला. भावगीताच्या हळुवारपणाचे श्रेय आपण कवींच्या स्वभावाला देतो, पण तबकडीच्या लांबीचाही त्यात मोठा वाटा आहे.

रविकिरण मंडळातलेच माधव जूलियन यांनी याच काळात गीतकारांच्या कामाची एक मोलाची गोष्ट केली. १९२७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९३७ मध्ये सुधारून वाढवलेल्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात त्यांनी मराठी पद्याची मोजणी पद्धतशीर मांडली. अक्षरांचे गण (लघू-गुरूंचे तीन-तीनचे गट) मोजणारी वृत्ते, मात्रा (लघू अक्षराची एक, गुरूची दोन) मोजणाऱ्या जाती म्हणजे मात्रावृत्ते, आणि ओवी-अभंगांसारखे अक्षरसंख्येवर चालणारे छंद असे प्रकार त्यांनी वेगळे केले. मात्रांच्या आवर्तनांना त्यांनी दिलेली नावे गीतकाराला थेट तालाकडे नेतात, कारण सहा मात्रांचे भृंगावर्तन दादऱ्यात बसते, आठ मात्रांचे पद्मावर्तन केरव्यात आणि सात मात्रांचे अग्न्यावर्तन रूपकात. भावगीताच्या कवींनी गणवृत्ते मागे ठेवून मात्रावृत्तांना जवळ केले, याचे कारणही इथेच सापडते : गणवृत्तात प्रत्येक लघू-गुरूची जागा ठरलेली असल्यामुळे बोलण्यातले साधे वाक्य सहसा त्यात मावत नाही, मात्रावृत्तात मात्र बेरीज जुळली की आतली मांडणी बदलता येते.

ही सवलत किती मोठी आहे ते एका उदाहरणाने पाहता येईल. ‘तुजविण सखये रात सरेना’ ही ओळ मी जुन्या वळणाने रचली आहे. तिच्या मात्रा सोळा असून त्या आठ-आठ अशा विभागल्या आहेत. आता ‘झोप लागली नाही रात्री’ ही ओळ मोजली, तर तिथेही आठ आणि आठ अशा सोळाच मात्रा भरतात आणि पहिल्या ओळीची चाल दुसरीला तशीच लागते. पहिल्या ओळीतले ‘तुजविण’ आणि ‘सखये’ आज कोणी बोलत नाही एवढाच फरक सहसा सांगितला जातो, परंतु अधिक महत्त्वाचा फरक ठेक्यात आहे. ‘तुजविण’ चार मात्रांवर संपते आणि ‘सखये’ बरोबर पाचव्या मात्रेवर सुरू होते, म्हणजे शब्दांचे तुकडे तालाच्या तुकड्यांशी तंतोतंत जुळतात. ‘झोप लागली’मध्ये ‘झोप’ला तीन मात्रा, ‘लाग’ला तीन आणि ‘ली’ला दोन. त्यामुळे ‘ला’ हे अक्षर चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पाचवीवर रेंगाळते आणि केरव्याचा मधला आघात नव्या अक्षराशिवायच जातो. आजच्या नृत्यगीतांत जगभर वाजणारा तीन-तीन-दोन असा ठेका या साध्या मराठी वाक्यात मुळातच आहे. बोलीतले वाक्य तालाच्या अंगावर असे किंचित आडवे बसते, आणि कानाला जो ताजेपणा जाणवतो तो बऱ्याच अंशी या आडवेपणातून येतो, शब्द नवा आहे की जुना हा प्रश्न त्यानंतरचा.

नभोवाणीने या प्रक्रियेला वेग दिला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि आठवड्याला एक या क्रमाने छप्पन्न गीते प्रसारित झाली. रेडिओच्या श्रोत्यापुढे छापील शब्द नसतो, त्याला ओळ मागे जाऊन वाचता येत नाही, आणि त्यामुळे पौराणिक विषय व संस्कृत शब्दकळा असूनही माडगूळकरांना वाक्य पहिल्या ऐकण्यातच समजेल अशा क्रमाने ठेवावे लागले. ते त्यांनी ज्या सहजतेने साधले ते आजही गीतकाराने ओळीओळीने अभ्यासावे असे आहे. यशवंत देव यांनी पुढे ‘शब्दप्रधान गायकी’ हा विचार पुस्तकरूपाने मांडला. स्वराने शब्दाचा अर्थ उघडावा, त्याला झाकू नये, हा त्याचा गाभा आहे. मंगेश पाडगावकरांसारख्या कवींच्या गीतांत घरातल्या बोलण्याची मराठी अवघडल्याशिवाय गायली जाऊ लागली, त्यामागे रेडिओच्या श्रोत्याने घडवलेली ही शिस्त होती.

भावगीताचा हा इतिहास पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्तुळाभोवती सांगून थांबवला जातो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. बोलीभाषा गीतात आणण्याचे काम शाहिरांनी आणि जलशांनी भावगीताच्या बरेच आधी सुरू केले होते. सत्यशोधक जलशांनी आणि नंतरच्या आंबेडकरी जलशांनी गण, गौळण, फटका, कव्वाली, इतकेच नव्हे तर लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालीही हाती घेतल्या आणि त्यांवर सामाजिक प्रश्नांचे रोखठोक शब्द चढवले. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांनी हजारो श्रोत्यांना पाठ होतील अशा रचना केल्या. त्यांच्या समोरच्या अनेकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे एकही ओळ फुकट घालवण्याची मुभा त्यांना नव्हती. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणीच्या वळणाची छक्कड लिहिली, तिच्यात शृंगाराच्या परिचित घाटातून मुंबईत राबणाऱ्या कामगाराचा विरह आणि सीमाभागाचा राजकीय प्रश्न एकत्र आले. जुना घाट आणि सर्वस्वी आजचा मजकूर यांची इतकी घट्ट वीण भावगीतात क्वचितच सापडते.

१९६० नंतरच्या काही दशकांत कवितेच्या बाजूने आणखी दोन वाटा फुटल्या. हृदयनाथ मंगेशकरांनी आरती प्रभू आणि ग्रेस यांच्यासारख्या, गीत म्हणून न लिहिलेल्या कवितांना चाली दिल्या आणि समजायला वेळ लागणारी ओळही लोक गुणगुणू शकतात हे दाखवून दिले. सुरेश भटांनी गझलेत बोलण्याचा थेट सूर आणला, ज्यात प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो आणि शेवटच्या शब्दावर श्रोत्याची दाद येते. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ना. धों. महानोरांच्या शब्दांनी रानातली मराठी चित्रपटगीतात तिच्या स्वतःच्या डौलाने बोलू लागली.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणे काढण्यासाठी मोठ्या कंपनीच्या मान्यतेची गरज उरली नाही. कोळीगीते, भीमगीते, विठ्ठलाची आणि देवीची गाणी, लग्नात वाजणारी गाणी अशा कित्येक प्रकारांच्या कॅसेट छोट्या स्टुडिओंतून निघू लागल्या. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांपासून वस्त्यांपर्यंत पोहोचले. तबला-ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. अभिरुचीच्या नावाखाली या गाण्यांकडे समीक्षेने पाठ फिरवली, पण नंतरच्या दोन दशकांत मराठी चित्रपटसंगीताला जो ठसका लाभला त्याची शिदोरी इथली आहे.

शहरी मध्यमवर्गाच्या भाषेत तुलनेने उशिरा बदल झाला. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि नोकरी, एकटेपणा, मुलांचे बालपण अशा रोजच्या गोष्टी बोलण्याच्या सुरात गाता येतात हे तरुण श्रोत्यांना पटले. त्यानंतरचा मोठा टप्पा २०१६ च्या ‘सैराट’चा. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, पण शब्दांत ‘वेड’ न लिहिता ‘याड’ लिहिले आणि गावाकडच्या मुलाच्या तोंडचे उच्चार तसेच ठेवले. नव्या गीतकाराने हे उदाहरण जवळून पाहावे असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. वाद्यमेळ कितीही परका असला तरी गाणे आजचे वाटले ते त्या मुलाच्या बोलीमुळे, आणि ती बोली प्रमाण मराठीत आणली असती तर गाणे एका दिवसात जुने झाले असते.

मोबाइलवर गाणे ऐकण्याच्या काळात पुन्हा लांबीचा दाब आला आहे. लांब वाद्यारंभ कमी होत आहेत, ध्रुवपदाची ओळ लवकर येते, आणि ज्या दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे लोक व्हिडिओला लावतात त्या तुकड्यात पूर्ण अर्थ असावा अशी अपेक्षा संगीत निर्माता करतो. यात नवे काही नाही, ७८ फेऱ्यांच्या तबकडीनेही कवींकडून असेच संक्षेपाचे काम करून घेतले होते. खरा फरक उच्चारात पडला आहे. लिहिलेल्या मराठीत ‘झोप’ हा शब्द दोन अक्षरी आहे आणि नाट्यपदात किंवा अभंगात शेवटचा ‘प’ आपल्या ‘अ’कारासह पूर्ण गायला जातो, पण बोलताना आपण तो व्यंजनावरच तोडतो. भावगीतात गायक बहुधा मधला मार्ग काढत असत. आजच्या ट्रॅकवर गाणारा गायक, आणि त्याहून अधिक मराठी रॅप करणारा मुलगा, शब्द बोलतो तसाच व्यंजनावर बंद करतो. त्यामुळे छापील ओळीच्या मात्रा आणि प्रत्यक्ष ऐकू येणारे ठोके यांचा हिशेब जुळत नाही, आणि कागदावर निर्दोष असलेली सोळा मात्रांची ओळ स्टुडिओत मोकळी पडते किंवा धापा टाकत म्हणावी लागते. मुंबई, पुणे, विदर्भ आणि खानदेशात आपापल्या बोलीत लिहिणारी तरुण मंडळी हा हिशेब बीट लावून, ओळ पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून कानानेच करतात. व्यंजनान्त शब्दांची मुबलकता त्यांना फायद्याची ठरते, कारण ‘त’, ‘क’, ‘प’ यांसारख्या बंद उच्चारांनी ओळीला आपोआप ताल मिळतो. शेवटचे यमकही ते लेखनावरून जुळवत नाहीत, आवाजावरून जुळवतात, म्हणून ‘रात’ आणि ‘वाट’ ही जोडी त्यांना चालते, जी जुन्या कवीने नाकारली असती.

माधव जूलियनांना १९३८ मध्ये छंदःशास्त्रावरील कामासाठी मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, तेव्हा त्यांच्यासमोर लिहिलेल्या आणि गायलेल्या मराठीचा शतकानुशतकांचा साठा होता. उच्चारलेल्या मराठीच्या मोजणीची तितकीच काटेकोर मांडणी आज व्हायला हवी, आणि ती करणाऱ्याला वऱ्हाडी, अहिराणी व मालवणी रॅपच्या ध्वनिफिती ओवी-अभंगांच्या बरोबरीने समोर घेऊन बसावे लागेल.