क्षयाच्या उपचारातून ताट बाजूला गेलं त्याची गोष्ट

कोकणातल्या क्षयरुग्णाला आज गोळ्या फुकट मिळतात, खात्यात महिन्याला हजार रुपये जमा होतात (किमान व्हायला हवेत), आणि दाता मिळालाच तर शिध्याची पिशवीही घरी येते. कार्यक्रम एकच असला तरी या तीन गोष्टी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या समजुतींतून आल्या. शिधा सर्वांत उशिरा आला. खरं तर औषधं निघण्याआधी चांगलंचुंगलं खाणं आणि पडून राहणं हाच या रोगावरचा उपचार होता.

तो काळ सॅनेटोरियमचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राजस्थानात, हिमालयाच्या पायथ्याशी, दक्षिणेत अशी आरोग्यधामं उभी राहिली. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती. कोकणी माणसाच्या वाट्याला यातली हवाच तेवढी आली. गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे चाकरमानी खोकू लागले की डॉक्टर हवापालट सांगत आणि माणूस बोटीने गावी येई. गावी हवा होती, पण ताटात पेज, कुळथाची पिठी, फार तर सुका बांगडा. त्यात घर लहान, आणि तो निजे तिथेच पोरंही निजत. क्षय हा शहराचा रोग, तो मुंबईहून येतो, ही समजूत इथे फार दिवस टिकली. १९५५ ते १९५८ दरम्यान देशभर झालेल्या नमुना पाहणीत खेड्यांतलं आणि शहरांतलं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, तरीही ती पुरती गेली नाही.

अन्नाचा आणि या रोगाचा संबंध तेव्हा कुणी नाकारत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छावण्यांत ब्रिटिश आणि रशियन कैदी सारख्याच परिस्थितीत राहत होते. ब्रिटिशांना बाहेरून खाद्यपदार्थांची पार्सलं येत, रशियनांना येत नसत. युद्धानंतरच्या तपासणीत रशियनांमध्ये क्षय कितीतरी पटींनी जास्त आढळला. इतकं माहीत असूनही अन्न कार्यक्रमाबाहेर गेलं, त्याचं मूळ मद्रासला आहे.

१९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी, अशी देशाची अवस्था होती. म्हणून प्रश्न असा घेतला की खाटेवाचून भागेल का. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. औषधं दोघांना तीच, आयसोनायझिड आणि पास (पीएएस) ही दोन, वर्षभर. सॅनेटोरियमवाल्यांना आराम आणि चांगला आहार मिळाला. घरचे रुग्ण दाटीत राहिले, कमी खाल्लं, कष्टही जास्त केले. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, पण थुंकीतले जंतू जाण्यात फारसा फरक नव्हता. घरच्या माणसांना रोग होण्याचं प्रमाणही घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात जास्त दिसलं नाही. दोन वर्षांनी आहाराविषयीचा वेगळा लेख आला. योग्य औषधं चालू असतील तर बरं होण्यासाठी चांगल्या आहाराची अट नाही, असा त्याचा सूर होता.

जगभरची आरोग्यधामं ओस पडायला या निष्कर्षांनी मोठा हातभार लावला, आणि ते योग्यच झालं. खाटांची वाट बघत बसलो असतो तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीजणांना औषध मिळालं असतं? पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला तो याच पायावर.

पण प्रयोगाने विचारलेला प्रश्न आणि त्यातून घेतलेला धडा एक नव्हे. चिठ्ठी पडली ती जागेची, घर की दवाखाना. आहार तिच्यासोबत आपोआप बदलला, विश्रांतीही बदलली. यातलं कशाने काय झालं हे सुटं करता येत नाही. मोजमाप होतं ते थुंकीचं आणि छातीच्या फोटोचं. माणूस पुन्हा नांगर धरू शकला का, हा हिशेब त्यात मुख्य नव्हता. १९३ रुग्णांमध्ये मृत्यूंच्या संख्येतला मध्यम फरकही दिसणं कठीण. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गटांतले कुटुंबीय गरिबाचंच जेवण जेवत होते. चांगलं खाल्ल्याने त्यांचा रोग टळला असता का, हे या प्रयोगाने तपासलंच नाही. ‘औषधाने बरं व्हायला खास आहार लागत नाही’ या मर्यादित उत्तराचं धोरणात ‘आहार हे आमचं काम नाही’ असं रूपांतर झालं, आणि ते अर्धशतकाहून जास्त टिकलं. या काळात आहार उरला तो सल्ल्यापुरता. ‘दूध घ्या, अंडी खा’ एवढं सांगून रुग्णाची गोळ्यांची पुडी बांधली जाई.

हा विषय पुन्हा टेबलावर आणला तो वजनकाट्याने. २०१३ मध्ये छत्तीसगडच्या ग्रामीण भागातल्या सुमारे सतराशे रुग्णांची नोंद छापली गेली. उपचार सुरू होताना पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो आणि बायकांचं ३४ किलो भरलं होतं. त्याआधीच्या एका आढाव्यात उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकेका अंकाने वाढतो तसा क्षयाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, असं दिसलं होतं.

एप्रिल २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना आली, उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये, थेट बँक खात्यात. रोख का, शिधा का नाही, यावर बरंच बोललं गेलं. रोखीच्या बाजूने मुद्दा होता की मधले हात टळतात आणि पिशवी दारात आली की रोग सगळ्या वाडीला कळतो. घरात लग्नाची मुलगी असली तर हे कारण कोकणात हलकं नाही. विरोधातला मुद्दा असा की पैसे आले की आधी दुकानाची उधारी फिटते. प्रत्यक्षात अडलं ते खात्यावर. आधार जोडलेलं नाही, खातं मुंबईच्या शाखेत, नावात एका अक्षराचा फरक. उपचार बरेच पुढे गेल्यावर पहिला हप्ता मिळाल्याचं अनेक राज्यांतल्या अभ्यासांनी नोंदवलं आहे. रायगडातल्या कातकरी वाड्यांची अडचण तर याहून जुनी आहे. दिवाळीनंतर माणसं मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि रुग्णाची नोंद, खातं, रेशनकार्ड सगळं मागे राहतं.

मद्रासला न विचारलेला प्रश्न अखेर झारखंडमध्ये विचारला गेला. २०१९ ते २०२२ दरम्यान चार जिल्ह्यांतल्या २,८०० रुग्णांना उपचारासोबत तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला. तो सगळ्यांनाच मिळाला. फरक केला तो घरातल्या माणसांत. अशा दहा हजारांहून जास्त जणांपैकी एका गटाला माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्याला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागू शकणारा क्षय जवळपास निम्म्यावर आला. रुग्णांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात वजन वाढणारा मुळात कमी आजारी असू शकतो, त्यामुळे हा दुसरा आकडा पहिल्याइतका पक्का धरता येत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० रुपये झाले. झारखंडच्या निष्कर्षांचं फळ म्हणून ही वाढ सांगितली जाते, ते तितकंसं पटत नाही. तिथे रोग टळला तो घरच्यांना त्यांच्या वाट्याचं अन्न वेगळं मिळाल्याने. इथे पैसा रुग्णाच्या नावावर येतो, आणि कुठल्याही घरात एकटा रुग्ण डाळ खात नाही. आगोटीची बेगमी संपत आलेली, मासेमारी १ जूनपासून बंद, लावणीचे कष्ट डोक्यावर, अशा दिवसांत हजार रुपये पाच तोंडांत वाटले जातात.

कुटुंबीयांनाही शिधा देण्याची सोय त्याच सुमारास जाहीर झाली, पण ती २०२२ पासून चालू असलेल्या दात्यांच्या योजनेतून, जिच्यात व्यक्ती, संस्था किंवा कंपन्या स्वखुशीने रुग्णाचा शिधा पुरवतात. म्हणजे अर्थसंकल्पातून रोख आणि दानातून अन्न. महाड, रोहा, लोटे इथल्या कारखान्यांच्या आसपास दाता गाठणं त्यातल्या त्यात सोपं. मंडणगडच्या किंवा संगमेश्वरच्या घाटाकडच्या वाड्यांसाठी तो शोधायचं काम तालुक्याच्या क्षयरोग कर्मचाऱ्याकडे येतं, थुंकीचे नमुने पोचवणं आणि चुकलेल्या रुग्णाच्या घरी जाणं सांभाळून.