थंडीत अडखळणारे इंजिन आणि दहा मिनिटांचा समज

‘थंडीत इंजिन अडखळत असेल, तर गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा, दोष आपोआप जातो’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) काळात तो बऱ्याच अंशी योग्य होता, कारण थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नसे आणि इंजिन तापेपर्यंत चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खटकी, ओढून ठेवावा लागे. इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान मोजणारा सेन्सर गाडीतल्या संगणकाला इंजिन किती थंड आहे ते कळवतो आणि त्यानुसार जास्तीचे पेट्रोल सोडले जाते. त्यामुळे सुरुवातीचे काही क्षण आवाज चढा असणे स्वाभाविक आहे, पण अडखळणे नव्हे. तापल्यावर ते थांबते, तेव्हा दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

पडताळणी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला स्कॅनर (सेन्सरचे आकडे दाखवणारे उपकरण) जोडून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळपास सारखे हवे. गार इंजिनचे कूलंट ८० अंश दाखवत असेल, तर संगणक पेट्रोल कमी सोडणार हे उघड आहे. आकडे जुळत असतील, तर ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, त्यांना वीज पुरवणारी इग्निशन कॉइल आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, रबरी नळ्या तपासाव्यात. गारठ्याने आक्रसलेल्या नळीच्या फटीतून जादा हवा शिरते, आणि तापल्यावर तीच फट मिटते. म्हणून ही तपासणी इंजिन गार असतानाच करावी.