मगावरचा ठिपक्यांचा कुत्रा

मामा अग्निशमन दलातून निवृत्त झाले तेव्हा मामेबहिणीने त्यांच्यासाठी ऑनलाइन एक मग मागवला. लालभडक रंग, पुढे आठ टोकांचा क्रॉस, त्यात शिडी आणि कुऱ्हाड, मागे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला कुत्रा. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुत्रं कुणाचं गं हे?"

प्रश्न रास्त होता. सांगलीत उभा जन्म बंबावर काढलेल्या माणसाने बंबामागे भुंकत पळणारी कुत्री पुष्कळ पाहिली होती. बंबापुढे पळणारं एकही नाही.

तो डाल्मेशियन. बंब घोडे ओढत होते त्या काळातला. या जातीचं घोड्यांशी जमतं आणि गाडीबरोबर लांबवर पळायचा दमही तिच्यात असतो. इंग्लंड-अमेरिकेत ही कुत्री बंबापुढे धावून रस्ता मोकळा करायची, आगीजवळ बिथरलेल्या घोड्यांना धीर द्यायची, रात्री तबेला राखायची. मोटारी आल्या, घोडे गेले, कुत्र्याचं काम संपलं. चित्रात मात्र तो राहिला आणि तिथून मग, किचेन, टी-शर्ट असा फिरत सांगलीच्या विश्रामबागपर्यंत आला.

क्रॉसची गोष्ट जरा संशयास्पद आहे. सांगतात ती अशी: धर्मयुद्धांत शत्रूने पेटतं तेल फेकलं, सेंट जॉनच्या पंथातल्या सरदारांनी जळणाऱ्या सोबत्यांना वाचवलं, म्हणून त्यांचा माल्टीज क्रॉस आग विझवणाऱ्यांचं चिन्ह झाला. ऐकायला छान. पण पवित्र भूमीतला धर्मयुद्धवाल्यांचा शेवटचा मोठा किल्ला, एकर, पडला १२९१ मध्ये आणि या सरदारांना माल्टा बेट मिळालं १५३० मध्ये; म्हणजे त्या लढायांच्या वेळी त्यांचा माल्टाशी संबंधच नव्हता. शिवाय अमेरिकी दलांच्या बिल्ल्यांवरचा क्रॉस बहुतेक वेळा गोलसर टोकांचा असतो. त्याला फ्लोरियनचा क्रॉस म्हणणारेही आहेत आणि मला तेच जास्त पटतं. फ्लोरियन हा रोमन सैन्यातला अधिकारी. ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून इ. स. ३०४ च्या सुमारास त्याला गळ्यात दगड बांधून आजच्या ऑस्ट्रियातल्या एन्स नदीत बुडवलं. चित्रांत तो जळत्या घरावर बादली ओतताना दिसतो. युरोपात आगीपासून राखणारा संत तो हाच, आणि त्याचा दिवस ४ मे. ऑस्ट्रेलियात लिंटन इथे २ डिसेंबर १९९८ ला वणवा विझवताना पाच स्वयंसेवक गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिनासाठी फ्लोरियनची ४ मे हीच तारीख धरली गेली. त्या दिवशी लावतात ती फीत लाल-निळी, म्हणजे आग आणि पाणी.

आपल्याकडे संत नाही, तारीख आहे. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. एका जहाजात कापूस आणि दारूगोळा! दुपारी धूर दिसला. बंब आले, पाण्याचे फवारे सुरू झाले, पण आगीचं मूळ सापडेना. जहाजात साचलेलं पाणी उकळू लागलं तरी जवान मागे हटले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत त्याहून मोठा दुसरा. एक सोन्याची वीट उडून दूरच्या एका घरात जाऊन पडली, हे लोक अजून सांगतात. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले, ते मात्र कमी लोकांना ठाऊक असतात. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि २० तारखेपर्यंतचा सप्ताह त्यांच्यासाठी आहे. त्या आठवड्यात छातीवर लावतात तो छोटा कागदी ध्वज, आपल्या परंपरेतली खरी 'भेटवस्तू' म्हणायची तर तीच. मामांचा १४ एप्रिल सरळ असायचा: सकाळी मानवंदना, संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीला बंब घेऊन बंदोबस्त.

आता 'बंब' हा शब्द. मूळ पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप. मराठीने तो घेतला आणि दोन उलट्या कामांना लावला. न्हाणीघरातला तांब्याचा बंब पोटात आग घेऊन पाणी तापवतो, रस्त्यावरचा पोटात पाणी घेऊन आग विझवतो. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण त्यामुळे फार प्राचीन असू शकत नाही, बंब आल्यानंतरचीच. त्याआधी विहिरीपासून घागरींची रांग, ओली घोंगडी आणि शेजारचं छप्पर पाडून आगीची वाट तोडणं, एवढंच हातात होतं. २७ फेब्रुवारी १८२८ ला शनिवारवाडा पेटला तो सात दिवस धुमसत होता. सातारा, वाई, मिरजेचे वाडेही तसेच, सागवानी आणि एकाला एक लागून. दलातला आणखी एक शब्द सांगण्यासारखा आहे. आगीची खबर म्हणजे 'वर्दी'. अंगावरची वर्दी चढवायची तीही वर्दी आल्यावर, असा मामांचा जुना विनोद.

'बंब सोमेश्वरी'ची म्हण मात्र आमच्या भागात विनोद म्हणून वापरत नाहीत. ७४व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांकडे दिला. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत तो नाही. त्यामुळे वाळवा-पलूस पट्ट्यात लोंबत्या तारांची ठिणगी पाचटात पडून उसाचा फड पेटला, की शेतकरी साखर कारखान्याला फोन लावतो. कारखान्याचा बंब येईपर्यंत वारा असेल तर शेजारचा फडही गेलेला असतो. वर जळीत उसाला दर कापून मिळतो तो वेगळाच. साताऱ्याकडे यवतेश्वर, कासच्या बाजूला डोंगर पेटतो तिथे तर बंब चढतच नाही. वनखात्याने आधी जाळरेषा, म्हणजे गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढलेली असली तर ठीक, नाहीतर ओल्या फांद्यांनी झोडपत बसायचं.

आणि सांगलीच्या जवानांचा मोठा शत्रू पाणीच. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत आग विझवायला नेमलेली माणसं बोटीतून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि त्यांच्या गाभण म्हशींची चिंता वाहत होती. हे काही कुठल्या मगावर छापलेलं मिळत नाही.

दलातल्या सोबत्यांनी मामांना शाल-श्रीफळ दिलं आणि जुन्या होजची पितळी ब्रँच, म्हणजे फवारा सोडायची टोकाची नळी, चिंचेने घासून चकचकीत केलेली. खंडेनवमीला बंबाला झेंडूचा हार घालायचे तेव्हा ती ब्रँचही पूजेत असायची. ती आता दिवाणखान्यात शोकेसमध्ये आहे. मगात मामी दाढीचा ब्रश ठेवते. शेजारचं पोर आलं की मात्र कुत्रा बघायला मग मागतं, आणि मामा त्याला घोड्यांच्या बंबाची गोष्ट सांगतात, आपण स्वतः हाकला असल्यासारखी.