खाजकुइलीची शेंग आणि उडदाचं घुटं

दिवाळी सरली की साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात रस्त्याकडेच्या झुडपांवर खाजकुइलीच्या शेंगा दिसायला लागतात. जराशी वाकलेली, सोनेरी-तपकिरी मखमल चढवल्यासारखी शेंग. इतकी देखणी, की लहान पोराचा हात आपसूक पुढे जातो. माझा गेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत आग पेटली. पाणी ओतलं, चोळलं, तशी ती आणखी पसरली. शेवटी मामीनं हातावर ओलं शेण थापलं, वाळू दिलं आणि खरवडून काढलं. कुसं त्याला चिकटून निघून आली.

ह्याच वेलाच्या काळ्या चकचकीत बिया काष्ठौषधीच्या दुकानात कवचबीज म्हणून मिळतात. परवा साताऱ्यात अशाच एका दुकानात मी शिकेकाई घ्यायला उभा होतो. शेजारी विशीतला एक मुलगा आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "कवचबीज पावशेर द्या. शक्तीसाठी पाहिजे." दुकानदारानं कागदात बांधून दिलं. किती घ्यायचं, कसं घ्यायचं, हे त्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आधी खाजेचं सांगतो, कारण ती खाजही साधी नाही. शेंगेवरच्या बारीक कुसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते कातडीतल्या मज्जातंतूंवरचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, थेट चेतवतं. डास चावल्यावरची खाज शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन ह्या रसायनामुळे येते, ही मुख्यतः त्या वाटेनं येतच नाही. त्यामुळे अंगावर पित्त उठल्यावर घेतात ती नेहमीची गोळी इथे फारशी कामाला येत नाही. खाज कशी निर्माण होते हे शोधणारे शास्त्रज्ञ आजही प्रयोगशाळेत हीच कुसं वापरतात. संस्कृतात ह्या वेलाला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडाला खाजवायला लावणारी. दुसरं नाव मला जास्त आवडतं: आत्मगुप्ता, स्वतःची राखण स्वतः करणारी.

राखण करण्याजोगं आत काही आहेही. 1937 साली दामोदरन आणि रामस्वामी ह्या भारतीय संशोधकांनी ह्या बियांमधून एल-डोपा वेगळं काढलं. आपल्या मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार होतं ते ह्याच पदार्थापासून. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला जी लेवोडोपाची गोळी देतात, तिच्यातलं औषध हेच. वाळलेल्या बीमध्ये ते साधारण तीन ते सहा टक्के भरतं. एका झाडपाल्यात इतकं औषध सहसा सापडत नाही. 2004 मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांना 30 ग्रॅम बियांची पूड देऊन पाहिली, तर नेहमीच्या गोळीपेक्षा ती लवकर लागू पडली आणि तिचा असर जास्त वेळ टिकला.

आता ह्याचा 'शक्ती'शी, म्हणजे कामशक्तीशी, संबंध काय? मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळे. पुरुषातही ते थोडं असतंच, पण वाढलं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक खाली येतं आणि इच्छाही मंदावते. डोपामिन ह्या प्रोलॅक्टिनला आवर घालतं. लखनौच्या संशोधकांनी मूल न होणाऱ्या पुरुषांना तीन महिने रोज 5 ग्रॅम बियांची पूड दुधातून दिली. प्रोलॅक्टिन उतरलं, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतूंची संख्या वाढली. ह्याला मी महत्त्व देतो, पण जपून. त्या अभ्यासात खोटं औषध देऊन तुलना केलेला रुग्णांचा गट नव्हता, आणि घेणारे पुरुष वंध्यत्वासाठी तपासणीला आलेले होते. विशीतल्या धडधाकट मुलाला त्यातून काय मिळेल, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही.

जुने वैद्य हे बी सहसा नुसतं फाकायला सांगत नसत. वानरी गुटिका नावाचा एक प्रकार आहे. बिया गाईच्या दुधात शिजवायच्या, टरफल काढायचं, वाटून छोट्या वड्या करायच्या, तुपात तळायच्या आणि साखरेच्या पाकात बुडवायच्या. म्हणजे गुलाबजामाचंच भावंड. शिजवताना काही एल-डोपा निघून जातं, पचनाला अडवणारे घटकही मोडतात. उरलेलं औषध दूध-तुपाबरोबर पोटात जातं.

हे दूध-तूप मला बियांइतकंच मोलाचं वाटतं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण. वाजी म्हणजे घोडा, आणि वाजीकरण म्हणजे माणसात घोड्यासारखी कामशक्ती आणणं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दुसरा अध्याय त्याचाच आहे. तिथे दूध, तूप, साखर, साठीचा, म्हणजे साठ दिवसांत येणाऱ्या साळीचा भात आणि उडीद पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाला आनंद देणारी स्त्री, असंही चरक सांगतो.

उडीद म्हटला की आमच्याकडे घुटं. पाटण, जावळीकडच्या घरांत पावसाळी संध्याकाळी चुलीवर उडदाची डाळ गळेस्तोवर शिजते, रवीनं घोटली जाते आणि लसूण, हिरवी मिरची, जिरं ठेचून घातलेली फोडणी वर पडते. गरम भाकरी, घुटं, वर तुपाची धार. उडदात शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय जस्त आणि लोह. कामोत्तेजक रसायन म्हणावं असं त्यात काही नाही. मग त्याला वृष्य, म्हणजे कामशक्ती वाढवणारं, का म्हटलं?

उत्तर भुकेत आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शानं घटलं आणि स्त्रीबद्दलची ओढ मावळली. बोलण्यात, स्वप्नात फक्त जेवण. शरीराला खायला कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस आधी प्रजननाचा खर्च तोडतो, जगण्याचा राखून ठेवतो. माण, खटाव, जत ह्या भागांतल्या म्हाताऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो, त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. अशा अर्धपोटी शरीरात महिनाभर दूध, तूप, उडीद गेलं तर माणूस खरंच उठून उभा राहील. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं ह्यांचं बरंचसं कामही हेच. आज पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसाला तेच लाडू उलटे पडतील. मधुमेह रक्तवाहिन्या आणि नसा खराब करतो आणि पुरुषाची अडचण पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

आपल्या समाजाला कशात 'उष्णता' वाटत होती, हे मनाईवरूनही कळतं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणून आषाढात कांदेनवमीला पोटभर कांदाभजी. विधवांना कांदा-लसूण नाही, विडा नाही. तरुण बाईच्या मनातली इच्छा ताटातूनच विझवायची, हा त्यामागचा हिशेब. कांद्याच्या रसायनशास्त्रात त्याला काही आधार नव्हता आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या बायका बेचव जेवल्या. हे वाचताना मला अजून राग येतो.

मसाल्यांचं थोडक्यात. केशराच्या इराणमधल्या लहान चाचण्यांत रोज 30 मिलिग्रॅम देऊन, नैराश्याच्या गोळ्यांमुळे आलेली कामजीवनातली अडचण काहीशी कमी झाली. जायफळाचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत. पुरणपोळीत चिमूटभर जायफळ ठीक, पण चमच्यानं खाल्लं तर मळमळ, धडधड आणि भ्रम होतात. पांढऱ्या मुसळीचेही बरेचसे पुरावे उंदरांपाशीच थांबतात. तिचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून आलंय आणि मुळांसाठी उपटून उपटून रानातली मुसळी विरळ झाली आहे. पावसाळ्यात आपण खातो ती फोडशीची भाजी त्याच कुळातली. ती पानं खुडून खावी, मुळं जमिनीत राहू द्यावीत.

सगळ्यात जास्त काळजी मला 'शंभर टक्के आयुर्वेदिक' लिहिलेल्या बिननावाच्या कॅप्सूलची वाटते. एका रात्रीत गुण देणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल हे व्हायग्रातलं ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं जगभर अनेकदा सापडलं आहे. हृदयासाठी नायट्रेटची, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवायची, गोळी घेणाऱ्यानं ते नकळत घेतलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. कुठलीही मुळी, कुठलंही बी एका रात्रीत असा गुण देत नाही. दिला, तर पुडीत दुसरं काहीतरी आहे असं समजा.

आणि कवचबीज घरात असेलच, तर एवढं करा. कंपवाताच्या, मानसिक आजाराच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका. दाखवताना लाजू नका, पुडी सरळ टेबलावर ठेवा.