कटिभागातील मेरुनालाच्या संकोचावरील भौतिकोपचार

मणक्यांच्या आतून जाणारी पोकळ नळी, म्हणजे मेरुनाल, कंबरेच्या भागात अरुंद झाल्यास पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना जागा अपुरी पडते. उभे राहताना व चालताना कुल्ले, मांड्या, पोटऱ्या यांत वेदना, मुंग्या, जडपणा जाणवतो आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर तो ओसरतो. या विकारावर व्यायाम, हस्तोपचार (हातांनी सांधे व स्नायू मोकळे करणे) व चालण्याचे नियोजित प्रशिक्षण यांच्या साहाय्याने केले जाणारे भौतिकोपचार (फिजिओथेरपी) या नोंदीत विचारात घेतले आहेत. रुग्णालयात विकाराला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात; रुग्ण बहुधा ‘मणक्यात नस दबली आहे’ असे सांगतात. साठीनंतर तो अधिक आढळतो, आणि चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांमधील पातळीवर त्याचे प्रमाण सर्वाधिक असते.

विकाराचे स्वरूप : वयोमानाने मणक्यांमधील चकतीची उंची घटते, मागील बाजूचे जोडसांधे झिजून वाढतात आणि मणक्यांना मागून जोडणारा पिवळसर पट्टा, म्हणजे पीत अस्थिबंध, जाड होऊन नळीच्या आत दुमडतो. काहींमध्ये वरचा मणका खालच्यावर किंचित पुढे सरकलेला असतो. काहींची नळी मुळातच लहान असते. डच मज्जाशल्यविशारद हेंक फेरबीस्ट यांनी नळीचा पुढून मागे मोजलेला व्यास १० मिमीपेक्षा कमी असल्यास निरपेक्ष संकोच व १० ते १२ मिमी असल्यास सापेक्ष संकोच अशी विभागणी केली. ती आजही उद्धृत होते. तथापि केवळ मापावरून रुग्णाची अवस्था ठरवता येत नाही. बोडेन व सहकाऱ्यांच्या १९९० मधील पाहणीत कोणतीही तक्रार नसलेल्या साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे एक-पंचमांश जणांच्या एमआरआय चित्रांत संकोच आढळला होता. म्हणून उपचाराचे माप चित्रात नव्हे, तर रुग्ण किती अंतर चालू शकतो यात शोधणे योग्य ठरते.

वेदनेचे नेमके कारण विवाद्य आहे. एक मत थेट यांत्रिक दाबाचे, दुसरे रक्तपुरवठ्याचे. ब्लाउ व लोग यांनी १९६१ मध्ये अश्वपुच्छातील, म्हणजे मज्जारज्जूच्या टोकापासून खाली जाणाऱ्या जुडग्यातील, मज्जातंतूंना चालताना रक्त अपुरे पडते अशी मांडणी केली. पुढे इंग्लंडमधील पोर्टर यांनी दोन पातळ्यांवर संकोच असल्यास मधल्या भागात शिरांतील रक्त साचते, हे कारण पुढे केले. ताकाहाशी व सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास नळीतील दाब प्रत्यक्ष मोजला. तो झोपताना व बसताना कमी, उभे राहताना जास्त, मागे झुकल्यावर आणखी जास्त आणि पुढे वाकल्यावर कमी भरला. दाब वाढला की शिरांचा निचरा अडतो, असे मानल्यास दोन्ही मते एकत्र नांदू शकतात, व आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडे दिसतो. भौतिकोपचाराचा सैद्धांतिक पाया हाच आहे : व्यायामाने नळी कायमची रुंद होत नाही, पण शरीराची ठेवण बदलून नळीतील दाब कमी ठेवता येतो.

इतिहास : मेरुनालाच्या अरुंदपणाचा उल्लेख फ्रान्समधील आंत्वान पोर्ताल यांच्या १८०३ च्या लेखनापर्यंत मागे नेला जातो. साक्स व फ्रँकेल यांनी १९०० मध्ये चालताना वाढणाऱ्या व पुढे वाकल्यावर कमी होणाऱ्या वेदनेचा रुग्ण नोंदवला. देझरीन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी थांबून थांबून चालावे लागण्याचे जे वर्णन केले, ते मुख्यतः मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचे असल्याने त्याला या विकाराचे मूळ मानणे तितकेसे सयुक्तिक नाही. फान गेल्डेरेन यांनी १९४८ मध्ये जाड झालेल्या पीत अस्थिबंधाकडे लक्ष वेधले. फेरबीस्ट यांचा पहिला अहवाल १९४९ चा असला, तरी १९५४ मध्ये इंग्रजीत आलेल्या सात रुग्णांच्या वर्णनामुळे विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. श्रेय त्यांच्याकडेच जाते, आणि ते बव्हंशी योग्य आहे.

उपचारपद्धतीचा उगम मात्र याच रेषेवर नाही. पुढे वाकण्याचे जे व्यायाम आज या रुग्णांना सर्रास दिले जातात, ते अमेरिकेतील डॅलस येथील अस्थिशल्यविशारद पॉल विल्यम्स यांच्या नावाने ओळखले जातात. विल्यम्स यांनी ते १९३७ मध्ये, म्हणजे फेरबीस्ट यांच्या पूर्वीच, मांडले होते. तेही तुलनेने तरुण, कंबरेचा बाक वाढलेल्या, दीर्घकालीन कंबरदुखीच्या रुग्णांसाठी. मेरुनालाच्या संकोचाचा विचार त्यांत नव्हता. म्हणजे व्यायाम आधी आले व त्यांना लागू पडणारा विकार नंतर सापडला. या उपचाराचे खरे बीज रुग्णांच्या वागण्यात आहे असे म्हणणे अधिक सयुक्तिक : सायकल मैलोगणती चालवता येते, पण कोपऱ्यापर्यंत पायी जाता येत नाही, चढ चढता येतो, उतारावर पाय भरून येतात, बाजारात सामानाच्या ढकलगाडीवर रेलून चालणे जमते. सायकल चालवताना वेदना होते का हे पाहणाऱ्या चाचणीला डाइक व डॉइल यांनी १९७७ मध्ये फान गेल्डेरेन यांचे नाव दिले. पायाच्या रोहिणीतील अडथळ्यामुळे होणाऱ्या वेदनेत सायकल चालवतानाही पोटरी दुखते व नुसते उभे राहिल्यावर आराम पडतो; इथे तसे होत नाही. उपचार सुरू करण्यापूर्वी हा भेद करणे व पावलावरील नाडी तपासणे अत्यावश्यक आहे. उतारवयात दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात.

न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी यांची पद्धत मागे झुकण्याच्या व्यायामांमुळे प्रसिद्ध झाली, आणि त्यामुळे ती या विकारात त्याज्य समजली जाते. हा निष्कर्ष थोडा घाईचा आहे. कोणत्या दिशेने हालचाल केल्यास पायातील वेदना कंबरेकडे मागे सरते हे तपासून दिशा ठरवणे हा त्या पद्धतीचा गाभा आहे, व संकोच असलेल्या बहुसंख्य रुग्णांत ती दिशा पुढचीच निघते.

उपचारपद्धती : पहिल्या भेटीत रुग्णाला सपाटीवर स्वतःच्या गतीने चालवून पायात पहिली मुंगी कधी आली व थांबावे कधी लागले, या दोन वेळा लिहून ठेवतात. पुढील प्रगती याच दोन वेळांशी ताडून पाहिली जाते. केवळ ‘दुखणे किती’ एवढेच विचारणारा उपचार अपुरा समजावा, कारण पुष्कळ रुग्ण चालणे कमी करून दुखणे टाळत असतात.

मूलभूत व्यायामात रुग्ण पाठीवर झोपून गुडघे दुमडतो व पोटाचे स्नायू आवळून कंबरेखालची पोकळी जमिनीला टेकवतो. श्वास न रोखता काही सेकंद ती स्थिती धरतो. त्यानंतर एक, मग दोन्ही गुडघे छातीशी आणले जातात. जांघेच्या पुढील स्नायूंच्या ताणाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. हे स्नायू आखडलेले असल्यास उभे राहताक्षणी ते कटिभाग पुढे ओढतात, बाक वाढतो व नळी आणखी आवळते. त्यासाठी रुग्णाला पलंगाच्या कडेवर झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगतात व दुसरी मांडी कडेवरून खाली सोडतात. कंबर उचलली जाऊ नये म्हणून उपचारकाचा हात वरच्या गुडघ्यावर असतो. जोडीला कुल्ल्यांचे व पोटाचे स्नायू बळकट करणे, नितंबसांधे व पाठीचा वरचा भाग हस्तोपचाराने मोकळा करणे हे भाग येतात.

चालण्याचे प्रशिक्षण हा उपचाराचा कणा. शरीराचे काही वजन दोरपट्ट्यांनी उचलून धरून चालपट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवणे, चालपट्ट्याला चढ देणे किंवा स्थिर सायकल, हे त्याचे प्रकार. पुआ व सहकाऱ्यांच्या २००७ मधील ६८ रुग्णांच्या तुलनेत वजन उचलून चालवणे व सायकल यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे महागडे यंत्र नसल्याने उपचार अडू नये. घरी त्रास सुरू होताच थांबून, बसून, पुन्हा चालणे अशा टप्प्यांनी अंतर वाढवले जाते. चाके व बैठक असलेला वॉकर काहींना फार उपयोगी पडतो. कमरपट्टा बांधलेला असेपर्यंत चालण्याचे अंतर वाढू शकते, काढल्यावर परिणाम उरत नाही. अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे) व विद्युत्-उत्तेजन यांचा पुरावा दुबळा आहे. सर्व वेळ यंत्राखाली झोपवून व्यायामाला फाटा देणे रुग्णाच्या हिताचे नाही.

परिणामकारकता : व्हिटमन व सहकाऱ्यांच्या २००६ मधील ५८ रुग्णांच्या चाचणीत हस्तोपचार, व्यायाम व वजन उचलून चालणे यांच्या एकत्रित उपचाराने सहा आठवड्यांनंतर ७९ टक्के रुग्णांनी सुधारणा सांगितली, केवळ पुढे वाकण्याचे व्यायाम व सपाटीवरील चालणे दिलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. श्नायडर व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील २५९ रुग्णांच्या चाचणीत असाच सुरुवातीचा लाभ दिसला, पण सहा महिन्यांनी गटांमधील फरक मावळला. जपानमधील वाकायामा येथे मिनेतामा व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी देखरेखीखालील उपचार केवळ घरच्या व्यायामापेक्षा सरस असल्याचे नोंदवले.

शस्त्रक्रियेशी तुलना अधिक गुंतागुंतीची आहे. डेलिटो व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पिट्सबर्ग येथील १६९ रुग्णांचा अहवाल दिला. दोन वर्षांनी शारीरिक कार्यक्षमतेत शस्त्रक्रियेचा व भौतिकोपचाराचा असे दोन्ही गट सारखे होते. मात्र भौतिकोपचाराच्या गटातील ५७ टक्के रुग्णांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली होती. ‘व्यायामही शस्त्रक्रियेइतकाच चांगला’ असे या चाचणीवरून सांगितले जाते तेव्हा हा आकडा हमखास गळतो. अधिक सावध अर्थ असा, की आधी भौतिकोपचार करून पाहिल्याने नुकसान झाले नाही. योन्सन यांच्या १९९२ मधील ३२ रुग्णांच्या पाहणीत विशेष उपचार न घेताही चार वर्षांत ७० टक्के रुग्ण होते तसेच राहिले, १५ टक्के सुधारले व १५ टक्के बिघडले. वाट पाहायला सवड असते ती यामुळे.

भारतात : भौतिकोपचाराचे पहिले शिक्षणकेंद्र मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. वर उल्लेखिलेल्या चाचण्या परदेशी असून त्यांतील रुग्णांचे दैनंदिन बसणे-उठणे वेगळे आहे. उकिडवे बसल्याने कंबर पुढे वाकते व पायातील कळ थांबते, हे आपल्याकडील अनेक रुग्ण स्वतःच शोधतात. पण गुडघ्यांची झीज असेल तर ही सोय राहत नाही. अशांना खुर्चीत बसून कोपरे मांड्यांवर टेकवून पुढे झुकायला शिकवतात.

निषेध : लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील नियंत्रण जाणे, जांघा व गुदाभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून रुग्णाला त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे. ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास वा अकारण घटणारे वजन असल्यास आधी तपासण्या कराव्यात. अस्थिविरलता (हाडे ठिसूळ होणे) असलेल्यांत जोराने पुढे वाकवणारे व्यायाम टाळतात, कारण मणक्याचा पुढचा भाग चेपला जाऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर सक्रिय व्यायामाचा कार्यक्रम दिल्यास केवळ नेहमीच्या देखभालीपेक्षा कार्यक्षमता अधिक सुधारते, असा उपलब्ध थोड्या चाचण्यांचा निर्वाळा आहे.