होकायंत्रासोबतच्या कार्डावरचा तो आकडा आला कुठून?

होकायंत्र विकत घेणाऱ्या किंवा दुरुस्तीला देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून होकायंत्र घेतलं की डबीत एक छोटं कार्ड असतं. त्यावर दिक्पाताचा कोन आणि त्यापुढे वर्ष लिहिलेलं असतं. कोन समजा, पण वर्ष कशाला, असं बरेच जण विचारतात. काउंटरवर गर्दी असली की नीट उत्तर देणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

सुई उत्तर दाखवते हे अर्धंच खरं. ती त्या जागच्या चुंबकीय उत्तरेकडे वळते. नकाशावरची उत्तर वेगळी. या दोन उत्तरांमधला कोन म्हणजे दिक्पात. मुंबई-पुण्याकडे तो सध्या एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे सह्याद्रीत फिरणाऱ्यांचं त्याच्यावाचून फारसं अडत नाही. सगळीकडे मात्र असं नाही, आणि कायमही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमध्ये सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला वीस अंशांहून जास्त कललेली असायची. तिथल्याच ग्रिनिचला २०१९ साली हा कोन शून्यावर आला. पृथ्वीच्या पोटातला वितळलेल्या लोखंडाचा गाभा सतत हलत असतो आणि त्याच्यासोबत चुंबकीय क्षेत्रही बदलत राहतं. पुढच्या वर्षांचा अंदाज बांधायचा तरी आधी मोजमापं हातात लागतात. म्हणून कार्डावर वर्ष.

हे मोजत राहण्याचं काम जगभर एका पद्धतीने आणि एका घड्याळावर करायचं, हे ठरलं व्हिक्टोरिया राणीच्या काळात. ती हकिकत आम्हाला सांगाविशी वाटते, कारण तिचा एक धागा थेट कुलाब्यापर्यंत येतो.

एकाच क्षणी बघायचं

सुई दिवसभरात थोडीथोडी हलते, आणि अधूनमधून तर अंगात आल्यासारखी थरथरते, हे आधीपासून ठाऊक होतं. ही थरथर त्या जागेपुरती की साऱ्या पृथ्वीची, हे मात्र कळत नव्हतं. आपल्या घरातले दिवे मिणमिणायला लागले की आपण आधी शेजाऱ्याला विचारतो, तुमच्याकडेही तसंच का? सगळ्या आळीत तसंच असेल तर दोष घरच्या वायरिंगचा नाही, ट्रान्सफॉर्मरचा. सुईचंही तेच. फक्त इथे शेजारी हजारो मैलांवर, आणि त्याने बरोबर त्याच मिनिटाला बघायला हवं.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ साली बर्लिनमध्ये लोखंड न वापरता एक छोटी वेधकुटी बांधून घेतली आणि दूरच्या ठिकाणांशी जुळवून वेध घ्यायला सुरुवात केली. पुढे रशियाच्या बादशहाकडूनही त्यांनी ठाणी उभारून घेतली. पण कामाला शिस्त लावली ती जर्मनीतल्या गटिंगेनच्या गाऊस आणि वेबर या शास्त्रज्ञांच्या जोडीने. १८३३ साली त्यांची बिनलोखंडी वेधशाळा उभी राहिली. चुंबकीय बल लांबी, वस्तुमान आणि वेळ या मूळ एककांत कसं मोजायचं, हे गाऊस यांनी त्याच्या आदल्याच वर्षी दाखवलं होतं. त्यामुळे इथला आकडा आणि तिथला आकडा शेजारी शेजारी ठेवता येऊ लागला. दोघांनी मंडळ काढलं आणि वेधांचे दिवस ठरवले. त्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे सुईचं वाचन घ्यायचं. म्हणजे एका दिवसात २८८ नोंदी.

तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक गावाची आपली वेळ. तरीही गटिंगेनला दुपारचे बारा वाजले की टोरोंटोत सकाळी सहाच्या सुमारास, मुंबईत दुपारी सव्वाचारच्या जरा आधी आणि टास्मानियात होबार्टला रात्री नऊनंतर एकेक माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असायचा. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी करामत हीच. यंत्रं काय, पैसे टाकले की मिळतात.

लष्करी शिस्तीचं शास्त्र

इंग्रज या कामात उशिरा उतरले. १८३६ च्या एप्रिलमध्ये हम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहून गळ घातली की तुमच्या वसाहती जगभर पसरल्या आहेत, तिथे वेधशाळा काढा. एडवर्ड सॅबिन हे तोफखान्यातले अधिकारी बरीच वर्षं हेच म्हणत होते. त्यांच्या जोडीला डब्लिनचे हम्फ्री लॉइड आणि ज्योतिर्विद जॉन हर्शेल आले. १८३८ साली न्यूकॅसलच्या अधिवेशनात ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या संस्थेने तसा ठराव केला आणि १८३९ मध्ये सरकारने पैसा सोडला. सरकारला चुंबकत्वाचं कौतुक किती होतं कोण जाणे. जहाजं खडकावर आपटू नयेत याची काळजी मात्र नक्की होती.

टोरोंटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप आणि होबार्ट इथे सरकारी वेधशाळा ठरल्या. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई आपल्याकडे घेतली. त्रावणकोरच्या महाराजांची त्रिवेंद्रमची वेधशाळाही यात आली. जेम्स क्लार्क रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन दक्षिणेकडे निघाले. वाटेत वेधशाळांची माणसं आणि यंत्रं उतरवत गेले. उत्तर चुंबकीय ध्रुव त्यांनी १८३१ मध्येच गाठला होता. दक्षिणेकडच्या ध्रुवाने मात्र त्यांना बर्फाच्या अलीकडेच थोपवलं.

वसाहतींमधल्या वेधशाळांवर बहुतेक तोफखान्याचे तरुण अधिकारी नेमले गेले. आधी डब्लिनला लॉइड यांच्याकडे शिकायचं, मग जहाजात बसायचं.

काम कसं चालायचं ते जरा जवळून बघू. लाकडी पेटीत रेशमाच्या, पीळ काढलेल्या धाग्यांनी चुंबकाची जड पट्टी आडवी टांगलेली. पट्टीला छोटा आरसा. काही मीटरवर दगडी खांबावर दुर्बीण आणि तिच्यापाशी मोजपट्टी. दुर्बिणीतून आरशात बघितलं की मोजपट्टीचे आकडे दिसतात. पट्टी केसभर वळली तरी दुर्बिणीतले आकडे झरझर सरकतात. पट्टी कधी पूर्ण स्थिर नसतेच, म्हणून ठरलेल्या क्षणाच्या थोडं आधी आणि थोडं नंतर वाचून सरासरी काढायची. खोलीत लोखंडी खिळा नाही. बिजागऱ्या, कड्या सगळं तांब्या-पितळेचं. आत जाणाऱ्याने चाकू, किल्ल्या बाहेर काढून ठेवायच्या. हे असं रात्रंदिवस, आधी दर दोन तासांनी आणि पुढे बऱ्याच ठिकाणी तासातासाला. छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं ग्रिनिचला १८४७ च्या सुमारास आली; तोवर सगळा भार माणसाच्या डोळ्यांवर.

कुलाबा

कुलाब्याची वेधशाळा कंपनीने १८२६ साली जहाजांच्या वेळेसाठी आणि खगोलीय वेधांसाठी बांधली होती. चुंबकीय वेध १८४१ पासून सुरू झाले. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली वयाने अगदी लहान असलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे गणिती आणि ज्योतिषी म्हणून नावाजलेले आपले केरूनाना. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी संबंध होता. शाळेच्या पुस्तकात भेटणारी ही माणसं जगाच्या चुंबकीय जाळ्यातल्या एका गाठीवर बसली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

मूळ बेत तीन वर्षांचा होता. तो वाढत गेला, पण सिमला आणि सिंगापूर काही वर्षांतच बंद पडली. कुलाबा चालू राहिला, आणि त्याचं चीज झालं १८५९ साली. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना डागांपाशी लख्ख उजेड फुटला. साडेसतरा तासांच्या आसपास लोटले आणि जगभरच्या सुया भरकटल्या. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याला आडवं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेलं नोंदलं गेलं. सुयांना भरकटवणाऱ्या त्या चुंबकीय वादळाचा जोर किती होता हे आजचे शास्त्रज्ञ शोधतात तेव्हा त्यांना कुलाब्याच्या त्या वहीकडे वळावंच लागतं. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणची इतकी सलग नोंद दुर्मीळ आहे.

इकडे लंडनजवळ वुलिचला सॅबिन यांच्या कचेरीत साऱ्या वसाहतींचे आकडे येऊन पडत होते. टोरोंटो आणि होबार्टच्या नोंदी लावता लावता १८५२ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की चुंबकीय वादळं ज्या वर्षांत वाढतात, त्याच वर्षांत सूर्यावरचे डागही वाढतात. जर्मनीत श्वाबे यांनी वर्षानुवर्षं मोजलेले डाग हम्बोल्ट यांच्या ग्रंथात छापून आले होते आणि त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर सॅबिन यांच्या पत्नी एलिझाबेथ करत होत्या. आकडे आणि पुस्तक एकाच घरात! मोहिमेची सुरुवात करताना सूर्याचा विचार फारसा कुणी केला नव्हता. भूचुंबकत्वाचा एकच मोठा नियम सापडेल ही आशा होती; तो काही सापडला नाही. मोहिमेवर टीका करणारे तेव्हाही होते आणि जाड जाड खंड पाहिले की त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही.

कुलाब्याचं पुढे काय झालं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसल्यावर प्रवाहांमुळे वेध बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकत्व नसलेला दगड निवडून अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले आणि मगच कुलाब्याचे बंद केले. जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी म्हणून ही दोन वर्षांची डबल मेहनत. अलिबागचे वेध आजही चालू आहेत.

आता तुमच्या होकायंत्राबद्दल

जुन्या नकाशावर दिक्पात छापलेला असेल तर त्याचं साल बघा आणि आजचा कोन पडताळून घ्या. मोबाईलमधलं होकायंत्र हा कोन जागतिक चुंबकीय प्रारूपातून घेतं. उपग्रह आणि जमिनीवरच्या वेधशाळा यांच्या आकड्यांवरून ते दर पाच वर्षांनी नवं निघतं.

वाचन घेताना मोबाईल, गाडी, बॅगेचं मॅग्नेटचं बटण आणि स्पीकर लांब ठेवा. आपल्याकडच्या काळ्या कातळातही लोहचुंबकीय खनिज असतं, आणि वीज पडलेल्या माथ्यावर तर सुई चांगलीच फसते. होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नका. छातीशी धरा, चार पावलं सरकून पुन्हा बघा. आकडा बदलला तर खडकाचा दोष, यंत्राचा नाही.

सुई अडकते का हे घरीच कळतं. लोखंडी किल्ली जवळ आणून सुई हलवा, किल्ली लांब न्या. प्रत्येक वेळी सुई त्याच जागी परतली पाहिजे. नाही परतली तर सुई ज्यावर फिरते त्या टेकणीचं टोक झिजलंय, घेऊन या.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला राहणाऱ्या मुलांसाठी किंवा नातेवाइकांसाठी होकायंत्र घेणार असाल तर खरेदीच्या वेळीच सांगा. तिथे सुईचं दुसरं टोक खाली ओढलं जातं, आणि आपल्याकडच्या समतोलाची सुई तिकडे तबकडीला घासते. त्या भागासाठीचं वेगळं मागवावं लागतं.